मस्टरवरचं नाव

आजीनं आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. खानेसुमारीला माणूस आला की ती दारातल्या एखाद्या पोराला पुढं करायची, "सांग रे, तुझ्या आज्जाचं नाव सांग त्यांना." रेशनकार्डावर, मतदारयादीत, सातबाऱ्यावर ते नाव होतं, तिच्या तोंडात नव्हतं. आजोबा 1969 साली गेले. त्यानंतरही तिचा नेम सुटला नाही.

1973च्या उन्हाळ्यात एका दुष्काळी कामावर पगाराचा दिवस होता. टेबलामागचा कारकून मस्टर वाचत होता. आजी रांगेत होती, तिच्या मागं माझी आई. वाचता वाचता कारकुनानं आजोबांचं नाव पुकारलं. चार वर्षांपूर्वी सरणावर ठेवलेल्या माणसाचं नाव, भर उन्हात, दोनशे माणसांपुढं. आजीचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "हाय." एक माणूस पुढं झाला, त्यानं अंगठा उठवला, पैसे घेतले आणि गर्दीत मिसळला.

आई सांगायची, आजीनं त्या माणसाकडं पाहिलंसुद्धा नाही. ती हातातल्या घमेल्याकडं बघत राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिनं स्वतःचा पगार घेतला. घरी येऊन चूल मात्र आईनं पेटवली.

मी तेव्हा सात वर्षांचा होतो. मला आठवते ती बाभळीच्या तुटक सावलीत बांधलेली झोळी, तिच्यात धाकटी बहीण, आणि मी तिला हलवतोय. सुकडीची कोरडी पूड टाळूला चिकटायची ते आठवतं. लाल मिलोच्या भाकरीचा वास आठवतो. बाकी सगळं थोरांच्या तोंडून आलेलं. काही आईकडून, काही आत्याकडून, आणि सगळ्यात जड भाग आजीच्या धाकट्या भावाकडून, तोही त्रेचाळीस वर्षांनी. वडील त्याला मामा म्हणायचे म्हणून आम्ही पोरंही मामाच म्हणायचो.

आमचं रेणापूर रेणा नदीच्या काठचं. ही नदी पुढं मांजरेला मिळते. गावात रेणुकामातेचं ठाणं आहे. आज हा लातूर जिल्ह्यातला तालुका, पण 1982 साली लातूर जिल्हा झाला तोवर आमचं दप्तर बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईकडं. निजामाच्या कागदात त्या अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद. जुनी माणसं बोलता बोलता अजून 'मोमिनाबादच्या खेपा' म्हणत. त्यांच्या सांगण्यात एखाद्या कामासाठी कचेरीला जाणं म्हणजे दोन दिवसांचा रस्ता, शिदोरी, आणि कमरेच्या कशात वेगळे बांधलेले पैसे. ते वेगळे पैसे कशाला, हे कोणी विचारत नसे.

पणजोबा बैलगाडी हाकायचे. लातूरच्या पेठेतून माल घेऊन बार्शीकडं जायचं, तिकडून कापड, मीठमसाला घेऊन यायचं. 1911 साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला आली तरी गाडीवानांचं पोट बैलगाडीवरच चाललं. बार्शी इंग्रजी अमलात, लातूर निजामाच्या, आणि मधल्या हद्दीवर करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे संस्थानचं जकातीचं खातं. पणजोबांनी एकदा पणजीसाठी लुगडं आणलं होतं. नाक्यावरच्या जवानानं ते काठीच्या टोकानं उचलून धुळीत पसरलं, घडीवर पाय दिला आणि म्हणाला, मामूल टाक, मग उचल. पणजोबांनी हाली सिक्क्यातले पैसे मोजले, लुगडं झटकून गाडीत ठेवलं. पणजी ते लुगडं सणाला नेसली नाही, असं आजी सांगायची. त्यावर पाय पडला होता.

मामूल म्हणजे नेहमीचं, रिवाजाचं. लाचेला तेव्हा हे नाव होतं. चोरीला रिवाजाचं नाव मिळालं की तिची तक्रार कुठं करायची हेच माणसाला कळेनासं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेव्हीचं धान्य सक्तीनं घालावं लागायचं. तेव्हा ज्याच्यावर गावकामगारांची मर्जी त्याचं चांगलं रान कागदावर पडीक दिसायचं, आणि ज्याच्यावर मर्जी नाही त्याच्या खडकाळ तुकड्यावरही ज्वारीचा आकडा चढायचा. घरातलं बियाणं मापात गेल्याची गोष्ट मी दोन वेगवेगळ्या घरांतून ऐकली आहे, आणि दोन्ही घरांत सांगणारी बाई सांगताना थांबली होती.

17 सप्टेंबर 1948ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. आजोबांची ठाम समजूत होती, की आता मामूल उठणार. आपल्या माणसाचं राज्य आल्यावर आपल्याच माणसाच्या हातावर पैसा का ठेवायचा? त्यांनी दोन वर्षांनी एक काम केलं. स्वतः निरक्षर होते, पण आजीच्या सात वर्षांच्या भावाला, आपल्या मेव्हण्याला, पाटी-पेन्सील घेऊन दिली, टोपी घेऊन दिली आणि हाताला धरून मराठी शाळेत बसवलं. "आपल्या घरात एक तरी वाचणारा पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. त्या पाटीवर मामा अक्षरं शिकला. या पाटीकडं मला परत यायचं आहे.

एक शब्द मध्येच सांगतो. उर्वरित महाराष्ट्रात ज्याला कंत्राटदार म्हणतात त्याला आमच्याकडं गुत्तेदार म्हणतात. निजामाच्या राज्यात दारू-शिंदीचा लिलाव व्हायचा, तो गुत्ता. जो सगळ्यात मोठी बोली लावेल त्याला गावं पिळायचा परवाना. संस्थान गेलं, शिंदीचे गुत्ते गेले, शब्द मात्र रस्त्याला, पुलाला, तलावाला, शाळेच्या खोलीला येऊन चिकटला. मला या शब्दाचं दुःख वाटतं. सरकारी रस्ता बांधणाऱ्या माणसाला नाव देताना आमच्या लोकांना जुनी ओळखीची आठवण हीच सापडली.

1972चा पाऊस गेला. त्याआधीची दोन वर्षंही बेताचीच होती. महाराष्ट्रभर दुष्काळी कामं निघाली आणि मे 1973च्या सुमारास त्यांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. खडी फोडणं, नालाबांध, रस्ते, पाझर तलाव. या कामांच्या मागं एक मोठा विचार होता, तो विसरून चालणार नाही. वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात प्रयोग करून दाखवला होता, की मागेल त्याला काम देता येतं. पुढं 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्याच्या पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया रेणापूरच्या बाईच्या घमेल्यापर्यंत पोचावा, अशी ती सोय होती. जगात फार थोड्या ठिकाणी अशी हमी कायद्यानं दिली गेली होती, आणि दिल्लीला तसा कायदा करायला 2005 साल उजाडलं. त्या दुष्काळात आमच्या घरातलं कोणी भुकेनं मेलं नाही. आजी हे शेवटपर्यंत सांगायची. पगाराच्या दिवसाची गोष्ट मात्र ती कधी सांगायची नाही.

आम्ही पोरांनी एक पाहिलं होतं. भाऊबीजेला मामा यायचा. आजी त्याला पाटावर बसवायची, कुंकू लावायची, ओवाळायची, पुरणाची पोळी वाढायची. मामा ताटात पैसे टाकायचा. ते पैसे ती उचलायची नाही. निरांजन विझायचं, ताट देवळीत ठेवलं जायचं, पैसे त्यातच. दुसऱ्या दिवशी आई ते कुणा गरजूला देऊन टाकायची. आजी 1998 साली गेली, तोवर पंचवीस भाऊबीजा अशाच झाल्या. आम्हाला वाटायचं, भावाकडून पैसे घेऊ नयेत असं तिचं काही व्रत असेल.

2016च्या उन्हाळ्यात मामा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी लातूरला माझ्याकडं राहिला. लातूर शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून 144 कलम लावलेलं. आमच्या इमारतीत दहाव्या-बाराव्या दिवशी पाणी, तेही विकतचं. एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता काटत आमच्याकडं आलं. मामाच्या एका डोळ्यावर पट्टी होती. टीव्हीवरच्या बातमीचा आवाज त्यानं ऐकला आणि मला म्हणाला, "रेल्वेनं पाणी? अन् आपण जे तलाव बांदले, बाळा, त्यांचं काय झालं?"

त्या रात्री वीज गेली होती. गच्चीवर चटई टाकून दोघं पडलो होतो. खाली बायकांची रांग होती, टँकर कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. बादल्यांचा आवाज वर येत होता. मामा उठून बसला आणि सांगू लागला. त्या दुष्काळी कामावर, म्हणजे पाझर तलावाच्या कामावर, तो मुकादम होता. लिहिता-वाचता येत होतं म्हणून त्याला ती जागा मिळाली. हजेरी तोच भरायचा.

"दोनशे मान्सांचं मस्टर. त्यात एकवीस नावं नसल्याली. वरून निरोप यायचा, या आठवड्याला इतकी नावं चढव. चढवायचो. नाही म्हनलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा मुकादम. तीन-चार जण ठरलेले होते, ते अंगठे उठवायचे. एकदा डाव्या हाताचा, एकदा उजव्या. पैसा वर जायचा, मला त्यातले थोडे मिळायचे. खोटं कशाला बोलू, मिळायचे अन् मी घ्यायचो. घरात चार तोंडं होती."

मग म्हणाला, "नावं मेलेल्यांची घ्यायची, असं साहेबानंच शिकवलेलं. मेलेला मानूस तक्रार घेऊन येत नाही."

मी विचारलं, "पण आजोबांचं नाव का, मामा?"

तो बराच वेळ गप्प होता. खाली कोणीतरी टँकर आल्याची खोटी हाक दिली, भांडी खणखणली आणि परत शांत झाली.

"मुद्दाम नाही लिहिलं," तो म्हणाला. "एकविसावं नाव सुचंना. कंदील बारीक केला होता. हातानं आपोआप उतरवलं. दाजींनी पाटी घेऊन दिली होती ना, त्या पाटीवर मी पहिलं मोठं नाव त्यांचंच लिहिलं होतं. गुरुजींनी विचारलं, कुणाचं नाव लिहितोस? म्हनलं, दाजींचं. तेच बोटात बसलं होतं."

आणि मग त्यानं जे सांगितलं त्यानं मला भाऊबीजेचं ताट कळलं. कागदावर आजोबांचं नाव वेगळं होतं. मामानं पाटीवर लिहिलं होतं, आणि मस्टरवर लिहिलं, ते घरात हाक मारायचं नाव होतं. कारकुनानं पुकारलं तेच. आजीला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण ते नाव ऐकून ठाऊक असणारे बरेच असले तरी त्या नावानं आजोबांना हाक मारणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतल्या एकालाच लिहिता येत होतं. तिला तिथंच, रांगेत, कळलं.

"आक्का मला कधी बोलली नाही," मामा म्हणाला. "बोलली असती तर बरं झालं असतं."

त्या रात्रीपासून मी या विषयावर जे जे वाचलं ते सगळं या एका मस्टरवरून तपासत आलो आहे. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला कोटींचे आकडे आठवतात. आकड्यांची मला कमी नाही. 2012 साली विजय पांढरे या मुख्य अभियंत्यानं सरकारला पत्र लिहून धरणांच्या फुगवलेल्या किमती आणि निकृष्ट कामं उघड केली. त्याच सुमाराच्या राज्याच्या आर्थिक पाहणीनं दाखवलं, की दहा वर्षांत हजारो कोटी ओतूनही सिंचनाखालचं क्षेत्र शेकडा 0.1नंच वाढलं. श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांची समिती बसली. हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण 0.1 म्हणजे काय, हे मला मामाकडून कळलं. तलाव कसा चोरतात, ते त्यानं सांगितलं.

पाझर तलावाच्या पाळूखाली आधी चर खणावा लागतो, मुरूम-माती संपून घट्ट थर लागेपर्यंत. त्या चरात काळी माती भरायची, पाणी मारायचं, धुम्मस करायचं, पुन्हा थर. हाच पाळूचा गाभा. वर दिसतो तो दगडी पिचिंगचा उतार, तो काही पाणी अडवत नाही, पाणी अडवतो गाभा. चोरी होते ती गाभ्यात. चर दहा फूट लिहायचा, सहा फूट खणायचा. काळ्या मातीच्या जागी बाजूचाच मुरूम लोटायचा. पाणी न मारता थर टाकायचा. संध्याकाळपर्यंत सगळं बुजतं, आणि मापाच्या पुस्तकात, ज्याला सगळे एमबी म्हणतात, दहा फुटांची सही होते. एकदा बुजलेलं कोण उकरून बघणार? उद्घाटनाला तलाव भरलेला दिसतो. पौषात पाळूच्या खालच्या अंगाला ओल फुटते, माघात तळाला भेगा. गावाला वाटतं, पाऊसच कमी झाला.

रस्त्याचंही तसंच, डांबराखालच्या खडीत. नळयोजनेचंही तसंच. आमच्या एका नातलगाच्या गावात घरोघर नवे नळ बसले, दारातल्या खांबावर तोट्या चकाकत होत्या. पाइप तीन फूट खोल पुरायचा होता, तो हातभरावर होता. पहिल्या नांगरटीला, पहिल्या बैलगाडीला तो फुटला. सहा महिने तोटीतून हवा आली. कोणाकडं दाद मागायची ती त्यांनी मागितली, मीही अर्ज लिहून दिले. उत्तर आलं, की योजना पूर्ण झालेली आहे. कागदावर ती खरोखरच पूर्ण होती. तिथली माझी भाची नववीत असताना दोन वेळच्या पाण्यासाठी शाळेची पहिली तासिका चुकवायची. ती तासिका गणिताची होती. दहावीत ती गणितात राहिली. या नापासाची नोंद कुठल्याही लेखापरीक्षणात येणार नाही, म्हणून इथं करतो.

मामाची एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्याला विचारलं होतं, की मस्टरमध्ये एवढी चोरी होत होती, तर 1973चा तो तलाव अजून पाणी कसा धरतो? कारण तो धरतो. रेणापूरच्या शिवारातला तो तलाव चांगल्या पावसाच्या साली उन्हाळ्यापर्यंत खालच्या विहिरींना पाझर देतो. मामा म्हणाला, "चोरी पगारात झाली, बाळा. कामात करता येत नव्हती. दोनशे मानसं हुबी होती ना! चर किती खोल ते बायांना ठाऊक, त्याच उतरत होत्या त्यात. काळी माती आली का मुरूम, ते घमेलं डोक्यावर घेणारीला कळत होतं. थर कमी टाकला की एखादी म्हातारी म्हनायची, मुकादम, हे पाणी धरायचं नाही हां. लाज वाटायची. आता काय, एक यंत्र, एक डायवर, एक कागद."

मला हे फार मोठं वाटतं. रोजगार हमीच्या कायद्यानं गुत्तेदाराला बंदी आणि हातकामाला महत्त्व दिलं, त्याचं कारण सांगताना मजुरीच्याच गोष्टी होतात. साठ टक्के मजुरीवर आणि चाळीस टक्क्यांपर्यंत साहित्यावर, अशी वाटणी होती. पण मजूर नुसता मजूर नसतो, तो साक्षीदार असतो. काम यंत्रावर गेलं की रोजगार जातो हे सगळ्यांना दिसतं, साक्ष जाते हे कोणाला दिसत नाही. पोकलेननं एका रात्रीत नाला खोल झाला, माती काठावर टाकली, फोटो निघाला, बिल निघालं. पहिल्या पावसात काठावरची माती परत नाल्यात. खोली किती होती, हे सांगायला गावातला एक माणूस तिथं नव्हता.

जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर 2014 मध्ये आलं तेव्हा मीसुद्धा आनंदलो होतो. कल्पना चांगलीच होती: गावाचं पाणी गावात. काही गावांत लोकांनी स्वतः उभं राहून काम करून घेतलं, तिथं विहिरी खरंच तुडुंब झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण सप्टेंबर 2020 मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात आला. खर्च 9,633.75 कोटी रुपये. बीडसह सहा जिल्ह्यांतली 120 गावं तपासली, आणि निष्कर्ष असा, की गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही. आमच्या शेजारच्या परळी तालुक्यात तर या कामांतल्या गैरव्यवहारावरून कृषी खात्यातल्या अधिकाऱ्यांवर आणि गुत्तेदारांवर गुन्हे नोंदले गेले. परळी आम्हाला परकी नाही. जवळच्या पानगावच्या स्टेशनावरून गाडी तिकडंच जाते.

राजस्थानातल्या गावकऱ्यांनी यावर एक उपाय शोधला होता. 1994च्या डिसेंबरात मजदूर किसान शक्ती संघटनेनं उघड्यावर सुनावणी भरवली आणि मस्टर गावापुढं मोठ्यानं वाचलं. नाव पुकारलं की ज्याचं त्यानं उठून सांगायचं, मी कामावर होतो की नव्हतो. पुढं त्यातूनच माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली. आपल्याकडं अण्णा हजारे यांची उपोषणं झाली, राज्याचा कायदा झाला, 2005 साली देशाचा. रोजगार हमीत सामाजिक अंकेक्षण आलं, म्हणजे गावापुढं हिशेब वाचायची सक्ती. त्या पहिल्या सुनावणीबद्दल वाचलं तेव्हा मला आमची रांग आठवली. आमच्याकडंही मस्टर मोठ्यानंच वाचलं गेलं होतं. दोनशे माणसांनी ऐकलं होतं. त्यांतल्या निम्म्यांनी तरी आजोबांना खांदा दिला असेल किंवा त्यांच्या दहाव्याला जेवली असतील. तरी कोणी बोललं नाही, कारण पुढच्या आठवड्याचं काम त्याच कारकुनाच्या हातात होतं. वाचणाऱ्याच्या हातात भाकरी असेल तर ऐकणारा गप्प बसतो. राजस्थानात वाचणारे आणि काम देणारे वेगळे होते. माझ्या समजुतीप्रमाणं सगळा फरक तिथं आहे, आणि म्हणूनच ग्रामसभेत हिशेब वाचायचं काम ज्यानं बिल काढलं त्याच्याचकडं दिलं जातं तेव्हा मला राग येतो.

2019च्या पावसाळ्यानंतर मी मामाला त्या तलावावर घेऊन गेलो. त्याला आता नीट चालता येत नव्हतं. पिंपळफाट्यापर्यंत गाडी, पुढं कच्चा रस्ता, मग माझा खांदा. परतीचा पाऊस झाला होता, तलावात पाणी होतं. सांडव्याच्या दगडावर तो बसला. पाळूच्या पिचिंगचे दगड त्यानं काठीनं ठोकून पाहिले. एका ठिकाणी दोन दगड निखळले होते, त्यांच्या जागी हात फिरवत राहिला. खालच्या विहिरीवर कोणाची तरी मोटर चालू होती.

"वही आणलीस का?" त्यानं विचारलं. मी आणली नव्हती. खिशात औषधाच्या दुकानाचं बिल होतं, त्याची मागची बाजू कोरी होती.

"लिही. ती नावं. माझ्या माघारी कुणाला ठाऊक ऱ्हायची नाहीत."

तो सांगू लागला. प्रत्येक नावाला गाव, गावातली आळी, आणि ते कशानं गेले. हा पटकीनं. ही बाळंतपणात. हा विहीर खणताना. ह्याचं लेकरू आता पुण्यात असतं. त्याला एकही आठवावं लागलं नाही. शेहेचाळीस वर्षं ती यादी त्याच्यापाशी होती, क्रमासकट. कागद भरला तेव्हा मी कडेच्या जागेत उभं लिहू लागलो.

वीस नावं झाली. मामा पाण्याकडं बघत होता.

"एकविसावं?" मी म्हणालो.

"ते तुला ठाऊक हाय," तो म्हणाला. "तू लिही. माझ्या तोंडानं यायचं नाही."

मी लिहिलं, घरातलं नाव.